कार्टर, जेम्स अर्ल (जिमी)

(१ ऑक्टोबर १९२४–२९ डिसेंबर २०२४). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा एकोणचाळिसावा अध्यक्ष (१९७७–८१) व २००२ च्या शांतता नोबेल पारितोषिकाचा मानकरी. एकाच कारकीर्दीनंतर त्याला अध्यक्षपद गमवावे लागले. परंतु पदमुक्त झाल्यावर जवळजवळ ४४ वर्षे त्याने केलेल्या कार्यामुळे त्याची कीर्ती अध्यक्ष असतानापेक्षाही वाढली. शंभर वर्षांचे आयुष्य लाभलेला तो पहिलाच अमेरिकन अध्यक्ष होय. त्याच्याविषयी अनेक लहानसहान गोष्टी लोकांत प्रचलित आहेत. त्या वरवर केवळ मनोरंजक वाटतात. तथापि प्रत्येक बाबीच्या तपशिलात शिरण्याची आणि काम स्वतःच्या हाताने करण्याची त्याची वृत्ती त्यांतून स्पष्ट होते. हीच वृत्ती सत्तेवर असताना त्याच्यावरील टीकेचे कारण ठरली व सत्तेबाहेर त्याच्या यशाचा पाया झाली.

जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या खेड्यात त्याचा जन्म झाला. रुग्णालयात जन्मलेला तो पहिला अमेरिकन अध्यक्ष. त्याची आई लिलियन त्या गावी परिचारिका होती. वडील जेम्स अर्ल हे शेतकरी व दुकानदार. बालपण जवळच्या आर्चरी या वस्तीत गेले. तेथील बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय होते व त्याचे बहुतेक सवंगडीही त्यांच्यापैकीच होते. घरात प्रथम वीज किंवा नळाचे पाणी नव्हते. प्लेन्स येथील शालेय शिक्षणानंतर त्याने ॲनापोलिस येथील नाविक अकादमीत प्रवेश मिळविला व १९४६ मध्ये तेथील पदवी घेतली. त्याच वर्षी गावातीलच रोझलिन स्मिथ हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांचे वैवाहिक जीवन ७७ वर्षांचे झाले; कोणाही अमेरिकन अध्यक्षाचे सहजीवन इतके दीर्घ नाही.

नौदलात तो पाणबुडी विभागात काम करी. पुढे ॲड्‌मिरल हायमन रिकोव्हर याच्या अणुशक्तिचलित पाणबुड्यांच्या योजनेसाठी त्याची निवड झाली. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टीस अपघात झाला, तेव्हा तिचे भाग सुटे करण्याच्या कामी मदतीसाठी गेलेल्या एका तुकडीचे नेतृत्व कार्टरकडे होते. किरणोत्सर्गामुळे प्रत्येकास भट्टीत सुमारे दीड मिनिटच थांबता येई. म्हणून जवळच्या टेनिसच्या मैदानावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारून कोणता खिळा कोणी व केव्हा काढावयाचा, याची आधी तालीम करण्यात आली. या अनुभवाचा उपयोग पुढे झाला. मार्च १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाल्यावर चार दिवसांतच कार्टर अध्यक्ष या नात्याने त्या केंद्रात स्वतः गेला.

वडिलांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये नौदल सोडून तो प्लेन्स येथे भुईमुगाच्या शेतीकडे व बियाण्यांच्या व्यापाराकडे वळला. १९६२ मध्ये त्याने राज्याच्या सीनेटची निवडणूक लढविली. क्विटमन परगण्यातील एका मतदान केंद्रावर मृतांच्या व कैद्यांच्या नावेही मते पडल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्याने पुरावे गोळा करून दाद मागितली व अखेर ती जागा मिळविली. राज्यपालपदासाठी १९६६ मध्ये तो पराभूत झाला. मात्र १९७० मध्ये विजयी झाला. वांशिक भेदभावाचा काळ संपला आहे, असे त्याने पदग्रहणाच्या भाषणात निःसंदिग्धपणे सांगितले. दक्षिणेकडील राज्याच्या प्रमुखाने असे म्हणणे त्या काळी धाडसाचे होते. राज्याची सुमारे ३०० कार्यालये व मंडळे एकत्र करून त्याने २२ खात्यांची रचना केली.

व्हिएटनाम युद्ध आणि वॉटरगेट प्रकरण यांमुळे जनतेचा शासनावरील विश्वास उडालेला असताना, वॉशिंग्टनच्या राजकारणाबाहेरचा प्रामाणिक मनुष्य म्हणून तो डेमॉक्रॅटिक पक्षातर्फे उभा राहिला व १९७६ मध्ये गेराल्ड फोर्डचा त्याने पराभव केला. ‘जिमी’ या घरगुती नावानेच त्याने अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि समारंभानंतर मोटारीतून उतरून तो सपत्नीक व्हाइट हाउसपर्यंत पायी गेला. दुसऱ्याच दिवशी व्हिएटनाम युद्धातील सक्तीची सैन्यभरती चुकविणाऱ्यांना त्याने माफी दिली. ऊर्जा व शिक्षण ही स्वतंत्र खाती त्याच्या काळात निर्माण झाली. व्हाइट हाउसच्या छपरावर त्याने १९७९ मध्ये पाणी तापविणारी सौर उपकरणे बसविली. रेगनच्या कारकीर्दीत, १९८६ मध्ये, ती काढण्यात आली. पनामा कालवा १९९९ अखेर पनामाकडे सोपविण्याचे करार (१९७७), चीनशी पूर्ण राजनैतिक संबंध (१९७९) व अलास्कातील विस्तीर्ण भूप्रदेशाच्या संरक्षणाचा कायदा (१९८०) ही त्याची अन्य महत्त्वाची कार्ये होत.

त्याचे सर्वांत मोठे यश म्हणजे कॅम्प डेव्हिड येथील वाटाघाटी. ५ ते १७ सप्टेंबर १९७८ या तेरा दिवसांत ईजिप्तचा अध्यक्ष अन्वर सादात व इझ्राएलचा पंतप्रधान मेनाखेम बेगीन यांच्यात त्याने मध्यस्थी केली. दोघांना समोरासमोर बसविले की वाद विकोपास जाई. म्हणून तो स्वतः एकाच्या निवासातून दुसऱ्याच्या निवासात मसुदे घेऊन फिरे. शेवटच्या दिवशी बेगीन परत निघण्याच्या बेतात असताना, कार्टरने त्याच्या प्रत्येक नातवंडाचे नाव लिहिलेली छायाचित्रे त्याच्या हाती दिली. ती पाहून बेगीन हेलावला व बोलणी तुटता तुटता वाचली. मार्च १९७९ मध्ये दोन्ही राष्ट्रांत शांततेचा तह झाला. १९७८ चे शांतता नोबेल पारितोषिक सादात व बेगीन यांना मिळाले. कार्टरला मात्र २००२ पर्यंत वाट पाहावी लागली.

हीच बारकाईची सवय इतरत्र त्याला बाधली. महत्त्वाच्या व क्षुल्लक बाबींत तो तारतम्य ठेवीत नाही, अशी टीका होई. व्हाइट हाउसमधील टेनिसच्या मैदानाच्या वेळाही तोच ठरवितो, असे त्याच्या एका माजी भाषणलेखकाने १९७९ मध्ये लिहिले. कार्टरने ते नाकारले. काँग्रेसमधील स्वपक्षीयांशीही त्याचे जुळले नाही. मानवी हक्कांना त्याने परराष्ट्र धोरणात अग्रस्थान दिले. तथापि ३१ डिसेंबर १९७७ रोजी तेहरान येथे इराणच्या शाहाच्या राज्याचा स्थैर्याचे बेट म्हणून त्याने गौरव केला. सव्वा वर्षाच्या आतच तेथे क्रांती झाली. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकन वकिलात ताब्यात घेण्यात आली व तेथील ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. एप्रिल १९८० मधील त्यांच्या सुटकेची लष्करी मोहीम फसून आठ सैनिक प्राणास मुकले. त्याच वर्षी चलनवाढ सरासरी साडेतेरा टक्क्यांवर गेली. परिणामतः नोव्हेंबर १९८० च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगनने त्याचा ४८९ विरुद्ध ४९ प्रातिनिधिक मतांनी पराभव केला. सुटकेची बोलणी कार्टरने अखेरच्या रात्रीपर्यंत चालविली. पण ओलिसांचे विमान रेगनचा शपथविधी झाल्यावरच सुटले.

भारताशी कार्टरचा संबंध त्याच्या आईमुळे आला. लिलियनने १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, शांतिसेनेत (पीस कोअर) नाव नोंदविले व मुंबईच्या विक्रोळी उपनगरातील गोदरेज वसाहतीत सुमारे पावणेदोन वर्षे कुटुंबनियोजनाचे व रुग्णसेवेचे काम केले. तेथून तिने घरी लिहिलेली पत्रे १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कार्टर स्वतः जानेवारी १९७८ मध्ये भारतात आला. त्या वेळी त्याने भेट दिलेल्या हरयाणातील दौलतपूर नसीराबाद या खेड्यास पुढे ‘कार्टरपुरी’ हे नाव मिळाले. मात्र या भेटीवर तारापूरच्या प्रश्नाचे सावट होते. १९६३ च्या करारान्वये तारापूर अणुवीज केंद्रास अमेरिकेकडून समृद्ध युरेनियम मिळत असे. अण्वस्त्रप्रसारबंदीसाठी कार्टर सर्व अणुकेंद्रांच्या तपासणीचा आग्रह धरीत होता आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांना तो मान्य नव्हता. याबाबत भारताला थंड व अगदी रोखठोक पत्र लिहावे, असे कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यास म्हणाला, ते चालू राहिलेल्या ध्वनिक्षेपकामुळे वार्ताहरांनी ऐकले. १९८० मध्ये मात्र त्यानेच तारापूरला इंधन देण्यास संमती दिली. प्रतिनिधिगृहाने ती फेटाळली; तरी सीनेटने अत्यल्प बहुमताने तिला पाठिंबा दिल्याने इंधन मिळू शकले.

पदमुक्त झाल्यावर तो प्लेन्स येथे १९६१ मध्ये बांधलेल्या आपल्या जुन्या घरीच परतला व अखेरपर्यंत तेथेच राहिला. विश्वस्तांकडे सोपविलेला त्याचा व्यापार कर्जात बुडाला होता. तो विकून त्याने लेखनावर उपजीविका केली. १९८२ मध्ये अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या सहकार्याने त्याने ‘कार्टर सेंटर’ स्थापन केले. या संस्थेने शंभराहून अधिक निवडणुकांचे निरीक्षण केले. १९८९ मध्ये पनामातील मतमोजणीतील लबाडी कार्टरने जाहीरपणे उघड केली, तर १९९० मध्ये निकाराग्वात पराभूत अध्यक्षास निकाल मान्य करण्यास प्रवृत्त केले. क्विटमनमधील १९६२ चा अनुभव त्यामागे होता. १९८४ पासून ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेसाठी तो दरवर्षी पत्नीसह हातात हातोडा घेऊन गरिबांची घरे बांधी. २००६ मध्ये हे शिबिर लोणावळ्यानजीक भरले होते.

त्याचे चिरस्थायी कार्य नारूच्या निर्मूलनाचे होय. सायक्लॉप्स या सूक्ष्म जलचरांत नारूचे डिंभ असतात. असे पाणी प्यायल्यानंतर सुमारे वर्षभरात मादी कृमी शरीरात मीटरभर लांब वाढते व बहुधा पायावरील फोडातून बाहेर पडू लागते. रोगी आग शमविण्यासाठी पाय पाण्यात बुडवितो, त्या वेळी कृमी असंख्य डिंभ पाण्यात सोडते व चक्र पुन्हा सुरू होते. या रोगावर लस नाही व औषधही नाही. पाणी कापडातून गाळणे, रोग्यास पाणवठ्यापासून दूर ठेवणे व पाण्यात डिंभनाशक टाकणे, एवढेच उपाय आहेत. साहजिकच गावोगाव जाऊन लोकांच्या सवयी बदलण्याची चिकाटी येथे निर्णायक ठरते. कार्टर सेंटरने १९८६ मध्ये हे काम हाती घेतले, तेव्हा आफ्रिका व आशिया खंडांतील २१ देशांत वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांस नारू होत असे. १९९५ मध्ये सूदानमधील यादवी युद्धात केवळ या कामासाठी कार्टरने तात्पुरता युद्धविराम घडवून आणला व तो जवळजवळ सहा महिने टिकला. भारतात राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे, पायऱ्यांच्या विहिरी बंद वा सुरक्षित करून व सुरक्षित पाणी पुरवून नारूचे उच्चाटन झाले. येथील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला व २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला.

कार्टरविषयीच्या आणखी काही गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पूर्ण कारकीर्द लाभूनही सर्वोच्च न्यायालयावर एकाही न्यायाधीशाची नेमणूक करण्याची संधी न मिळालेला तो एकमेव अध्यक्ष. कनिष्ठ संघीय न्यायालयांवर मात्र त्याने आधीच्या सर्व अध्यक्षांपेक्षा अधिक स्त्रिया नेमल्या. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर त्याच्या सहीचा, परग्रहावरील संभाव्य जीवांसाठीचा संदेश आहे. आकाशात दिसलेल्या एका अज्ञात तेजस्वी वस्तूची त्याने १९७३ मध्ये, राज्यपाल असताना, रीतसर अर्ज भरून नोंद केली. ती परग्रहावरून आली, असा दावा मात्र केला नाही. २००५ मध्ये अमेरिकन नौदलात दाखल झालेल्या एका अणुशक्तिचलित पाणबुडीस त्याचे नाव देण्यात आले. त्याने तीसहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांतील द हॉर्नेट्‌स नेस्ट (२००३) ही अमेरिकन अध्यक्षाने लिहिलेली पहिली कादंबरी. पॅलेस्टाइनविषयीचे त्याचे २००६ मधील पुस्तक विशेष वादग्रस्त ठरले.

२०१५ मध्ये यकृत व मेंदू यांत पसरलेल्या कर्करोगातून तो बरा झाला. शेवटचा नारू आपल्या आधी मरावा, अशी इच्छा त्याने त्या वेळी बोलून दाखविली. रोझलिन नोव्हेंबर २०२३ मध्ये निवर्तली. त्यानंतर वर्षाने प्लेन्स येथील घरी त्याचे निधन झाले. जानेवारी २०२५ मधील अंत्यविधीत, २००६ मध्ये निधन पावलेल्या गेराल्ड फोर्डने आधीच लिहून ठेवलेले श्रद्धांजलीचे भाषण फोर्डच्या मुलाने वाचले. निवडणुकीतील या दोन प्रतिस्पर्ध्यांत पुढे स्नेह जडला होता व जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीत बोलावे, असे त्यांच्यात ठरले होते. कार्टरने आपला शब्द २००७ मध्येच पाळला होता.

अध्यक्ष म्हणून कार्टरच्या यशापयशाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्याच्या उत्तरायुष्याविषयी मात्र ते फारसे नाहीत. ज्या वर्षी तो मरण पावला, त्या २०२४ साली सबंध जगात नारूच्या केवळ १५ रुग्णांची नोंद झाली.