उकळणारा दगड आणि रुग्णाचा प्राणवायू

आपल्या कन्नडहून औट्रम घाटाने चाळीसगावकडे उतरताना जो काळा कातळ लागतो, तो लाव्हा थिजून झालेला आहे. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्याने पांढरे स्फटिक जमविले. अशा खडकाला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. त्यातील कित्येक स्फटिक झिओलाइटचे. १७५६ साली क्रोन्स्टेट या स्वीडिश पंडिताने असा खडा तापविला, तो फसफसला. म्हणून ‘उकळणारा दगड’ हे ग्रीक नाव.

उकळले ते आतले पाणी. पाणी गेले तरी स्फटिकाची चौकट ढासळत नाही, तिच्यातील बारीक बोळ मोकळे होतात आणि वायूचे रेणू त्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. तोळाभर चांगल्या मालातील भिंती पसरल्या, तर एकराहून अधिक जागा व्यापतील!

२०२१ च्या साथीत प्राणवायूसाठी माणसे वणवण फिरली. त्यानंतर अनेक रुग्णालयांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारी यंत्रे बसली. त्यांच्या टाक्यांत झिओलाइटच असतो. मात्र घाटातला नव्हे, कारखान्यात घडविलेला.

आम्ही संघटनेची माणसे. हे शास्त्र फिटरांच्या शेजारी बसून आणि पुस्तके चाळून शिकलो. पुष्कळांना वाटते, ही चाळणी आहे, लहान रेणू जातो, मोठा अडतो. येथे तसे नाही. नत्र आणि प्राणवायू दोघेही आत शिरतात. पण बोळांतील सोडियम, कॅल्शियम वा लिथियमचे विद्युत्भारित कण नत्राला अधिक ओढून धरतात. दाबाखाली नत्र अडकतो, प्राणवायू पुढे निघतो. दाब सोडला की नत्र सुटतो. म्हणून टाक्या दोन: एक काम करते, तोवर दुसरी मोकळी होते. मिळणारा वायू साधारण ९३ टक्के शुद्ध असतो; उरलेल्यात बहुतेक आर्गॉन.

रेणूला आत पोहोचायला वेळ लागतो, यालाच विसरण म्हणतात. गोळी मोठी असली तर वाट लांबते. फार बारीक असली तर हवेचा मार्गच तुंबतो.

खरा वैरी दमटपणा. पाणी नत्राहून घट्ट बसते, नुसता दाब सोडून उठत नाही. त्याला तापवूनच हाकलावे लागते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरचे पाणी वेळेवर काढले नाही, ड्रायर बंद पडला, तर टाकी भरलेली दिसते आणि शुद्धता उतरत जाते. यंत्राला मंजुरी चटकन मिळते, ते सांभाळणाऱ्या फिटरच्या पगाराला मिळत नाही, ही आमची जुनी तक्रार येथेही लागू आहे. शुद्धतेचा काटा दर पाळीला वाचून वहीत लिहिणारा माणूस तेथे हवा.