शेपटीचा भरवसा

"अगं, लग्नाचे सगळे फोटो गेले! उघडलं की नुसती भुताची अक्षरं येतायत," मावशी फोनवर रडकुंडीला आली होती. फोटो कुठेच गेले नव्हते. तिने कधीतरी एका फोटोवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'मध्ये नोटपॅड निवडलं होतं आणि वर 'ऑलवेज'ही दाबलं होतं. मग काय, सगळेच जेपीजी नोटपॅडच्या दारात.

आपण फाइलवर डबल क्लिक करतो तेव्हा विंडोज आत काय आहे ते बघत नाही. नावातल्या शेवटच्या टिंबापुढची शेपटी बघतं, म्हणजे एक्स्टेन्शन. कुठली शेपटी कुठल्या प्रोग्रामकडे धाडायची, याच्या नोंदी रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या नोंदवहीत असतात. 'ऑलवेज' म्हटलं की नोंद बदलते, फाइलला धक्काही लागत नाही. म्हणून दुरुस्तीही त्याच वाटेने: पुन्हा 'ओपन विथ', फोटोंचा प्रोग्राम, पुन्हा 'ऑलवेज'.

तीन अक्षरी शेपटी ही डॉसच्या काळातली सवय. तेव्हा नावाला आठ अक्षरं आणि शेपटीला तीन, एवढीच जागा मिळे. जुन्या मॅकला शेपटीची गरजच नव्हती. तिथे प्रत्येक फाइलसोबत चार-चार अक्षरांचे दोन संकेत असत: एक फाइलच्या प्रकाराचा, दुसरा ती बनवणाऱ्या प्रोग्रामचा. त्यामुळे एकाच जातीच्या दोन फायली आपापल्या जन्मदात्याकडे जात. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते; पण फाइल दुसऱ्या जातीच्या संगणकावर गेली की हे संकेत वाटेतच गळून पडत.

लिनक्सचे फाइल मॅनेजर साधारणपणे आधी शेपटी बघतात आणि तिच्यावरून उलगडा झाला नाही तर आत डोकावतात. आत ओळख असतेच. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि 'पीडीएफ' या अक्षरांनी होते. झिपच्या सुरुवातीला 'पीके' असतं, ती झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. गंमत म्हणजे वर्डची डॉकएक्स फाइलही पोटातून झिपच. तिची एक प्रत काढून शेपटी झिप करा आणि उघडा, आतले कप्पे दिसतील.

खरा राग येतो तो विंडोज ओळखीच्या शेपट्या मुळातच लपवून ठेवतं याचा. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' विषाणू जगभर पसरला, तो याच आडोशाने. प्रेमपत्राच्या नावात आधी टीएक्सटी होतं आणि खरी शेपटी त्यापुढे, व्हीबीएस, म्हणजे क्लिक करताच चालणाऱ्या प्रोग्रामची. लोकांना दिसलं फक्त टीएक्सटी. आता व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल येते. तिथे शेपटी दिसते, पण पत्रिका म्हटल्यावर ती वाचतो कोण?

विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधल्या 'शो'त जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण केली की शेपट्या उघड्या होतात. मावशीच्या लॅपटॉपवर मी ती करून आले. आता ती फोटोला नवं नाव देताना शेपटीही खोडते, विंडोजने बजावलं तरी 'येस' दाबते, आणि मग मला फोन करते.