पोटगी कोणाच्या कोर्टात?

आपल्या होस्टेलमध्ये जीआरईचा अभ्यास करणारे काही कमी नाहीत. अमेरिकेतली फी, थंडी, पार्ट-टाइम जॉब, सगळं त्यांना तोंडपाठ! पण मित्रांनो, तिथे घटस्फोट आणि पोटगीचे कायदे राज्याराज्यांचे वेगळे असतात. मग आई आणि मूल एका राज्यात अन् बाप दुसऱ्या राज्यात असला, तर पोटगीचा हुकूम द्यायचा कोणी?

१९७८ सालचा 'कुल्को' खटला याबाबत वाचण्यासारखा आहे. न्यूयॉर्कचं जोडपं. लग्न मात्र १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात झालं, कारण नवरा लष्कराच्या ड्युटीवर कोरियाला जाताना तिथे तीन दिवस थांबला होता. १९७२ मध्ये दोघं वेगळी झाली, बायको सॅन फ्रान्सिस्कोला गेली. मुलं शाळेच्या दिवसांत बापाकडे, सुट्टीत आईकडे, आणि सुट्टीतल्या खर्चासाठी बापाने वर्षाला ३००० डॉलर द्यायचे, असं लेखी ठरलं. पुढे मुलगी म्हणाली, मला आईकडेच राहायचंय. बापाने विमानाचं वन-वे तिकीट काढून दिलं. नंतर मुलगाही गेला, त्याचं तिकीट आईने परस्पर पाठवलं होतं. मग आईने पोटगी वाढवून मिळावी म्हणून कॅलिफोर्नियात दावा लावला.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की कॅलिफोर्नियाच्या कोर्टाला या बापावर अधिकारच नाही. मुलीच्या इच्छेला हो म्हटलं, एवढ्याने तो त्या राज्याशी बांधला जात नाही. म्हणजे मुलं कुठे राहतात यापेक्षा बापाचा त्या राज्याशी संबंध काय, हे महत्त्वाचं!

आता गंमत बघा. १९९० च्या 'बर्नहॅम' खटल्यात न्यू जर्सीचा एक बाप कामासाठी कॅलिफोर्नियात आला आणि मुलांना भेटायला गेला. तिथेच त्याच्या हातात घटस्फोटाचं समन्स पडलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, राज्यात असताना समन्स मिळालं ना, मग अधिकार आला. म्हणजे मुलीला तिकीट देणारा सुटला आणि मुलांना भेटायला स्वतः गेलेला सापडला. मला तरी हे उलटंच वाटतं.

आपल्याकडे हे सोपं आहे. देशभर कायदा एकच. पूर्वी सीआरपीसीचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. बायको राहते तिथे अर्ज करता येतो आणि नवरा जिथे असेल तिथला मॅजिस्ट्रेट वसुली करू शकतो. (वेळ किती लागतो हा प्रश्न वेगळा!)

अमेरिकेने १९९२ मध्ये सर्व राज्यांसाठी एक समान कायद्याचा मसुदा केला, थोडक्यात 'यूआयएफएसए'. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने तो राज्यांच्या गळी उतरवला. आता आई आपल्या राज्यात अर्ज करते, गरज पडली तर कागद बापाच्या राज्यात जातात आणि हुकूम तिथलं कोर्ट देतं. पूर्वी एकाच मुलासाठी दोन-तीन राज्यांचे वेगवेगळ्या रकमेचे हुकूम असायचे; आता एका वेळी एकच चालतो. शिवाय पगारातून कापून घ्यायचा आदेश थेट दुसऱ्या राज्यातल्या कंपनीकडे पाठवता येतो, आणि कंपनीला तो पाळावा लागतो.