हात चालत नसता टॅब कसा चालवावा

आजच्या विषयाचे नाव ऐकून हा केवळ यंत्रशास्त्राचा विषय असावा असे कोणासही वाटेल. यंत्राची माहिती त्यात आहेच. परंतु मूळ प्रश्न माणसाचा आहे. ज्याचे हातपाय त्याच्या हुकमतीत नाहीत आणि जीभही साथ देत नाही, पण मन मात्र पुरते जागे आहे, अशा माणसाने आपली इच्छा दुसऱ्यास कशी सांगावी?

अशी माणसे गावोगावी आहेत. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेले मूल, अर्धांगवायूचा झटका आलेले वडीलधारे, अपघातात मानेचा मणका दुखावलेला तरुण. घरचे लोक त्यांचे सारे प्रेमाने करतात. भरवतात, न्हाऊ घालतात, कूस पालटून देतात. मात्र त्यांना विचारीत नाहीत, कारण उत्तर यायचे नाही हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. वास्तविक उत्तर न येणे आणि समज नसणे या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली, की हुशार मूल शाळेबाहेर राहते आणि शहाणा माणूस आपल्याच घरात मुका ठरतो.

आपल्या राज्यात ही गल्लत दूर करण्याचे मोठे काम १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन करून सुरू केले. त्यांची कन्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करीत आपले आत्मचरित्रही लिहिले. त्याचे नावच ‘वन लिटल फिंगर’ असे आहे. जेथे एक बोटही वळत नाही, तेथे काय? इंग्लंडात १९६० च्या सुमारास रेग मेलिंग यांनी ‘पॉसम’ नावाचे यंत्र केले. त्यातील नळीत फुंकर मारून किंवा हवा ओढून रुग्णाला दिवा लावता येई, टंकयंत्र चालवता येई. ‘पॉसम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मला जमते’ असा आहे. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग आधी अंगठ्याने बटण दाबून, आणि पुढे अंगठाही थकल्यावर गालाच्या एका स्नायूच्या हालचालीने शब्द निवडीत असत.

या साऱ्या युक्त्यांचे तत्त्व एकच आहे, आणि ते समजण्यास आपली मराठी बाराखडी पुरेशी आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग अशा पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरे. समजा, आपण एकेका अक्षरावर क्रमाने बोट ठेवीत गेलो आणि समोरच्याने हव्या त्या अक्षरावर पापणी मिटली. पंचवीस अक्षरांत हवे ते गाठण्यास सरासरी तेरा पायऱ्या लागतील. त्याऐवजी आधी ओळी विचारल्या आणि ओळ ठरल्यावर त्यातील अक्षरे विचारली, तर सरासरी सहाच पायऱ्या पुरतात. ‘प’ हवा असेल तर पाचवी ओळ, पहिले अक्षर. एका पायरीस दोन सेकंद धरल्यास सव्वीस सेकंदांचे काम बारा सेकंदांवर येते. पूर्वसूरींनी वर्णमाला उच्चारस्थानांप्रमाणे लावली, तिचा हा उपयोग कोणी योजिला नसेल. पण तो होतो खरा. बोट फिरवण्याचे हे काम टॅब स्वतः करतो. पडद्यावर एक चौकट आपोआप फिरत राहते. ती हव्या जागी आली की माणसाने बटण दाबायचे. यालाच स्विचने टॅब चालवणे म्हणतात.

ही सोय बहुतेक टॅबमध्ये आधीच असते किंवा फुकट मिळते. अँड्रॉइड टॅबच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात ‘स्विच ॲक्सेस’ सापडते. नसल्यास गूगलचे त्यासाठीचे ॲप घ्यावे. सॅमसंगच्या टॅबवर हीच सोय ‘युनिव्हर्सल स्विच’ या नावाने असते. ॲपलच्या आयपॅडवर ‘स्विच कंट्रोल’ हे २०१३ पासून आहे. आयपॅडवर ते सुरू करण्यापूर्वी बंद करण्याचा शॉर्टकट अवश्य नेमून ठेवावा. नाहीतर पडद्याला बोट लावून नेहमीसारखे काम होईना म्हणजे घरचे लोक गोंधळतात.

बटण म्हणून खास स्विच विकत मिळतात. ते ब्लूटूथने जोडतात, किंवा तारेचे असल्यास मध्ये एक जोडणीचा डबा लागतो. पण पहिल्या प्रयोगाला साधा ब्लूटूथ कीबोर्ड चालतो. त्यावर पुठ्ठ्याचे किंवा पातळ लाकडाचे झाकण बसवावे, एकाच कळीपुरते भोक ठेवावे, आणि ती कळ सेटिंग्जमध्ये ‘निवड’ म्हणून नेमावी. ज्याला काहीच दाबता येत नाही त्याच्यासाठी नव्या टॅबचा कॅमेराही बटणाचे काम करतो. भुवया उंचावणे, हसणे, तोंड उघडणे अशी खूण तो ओळखतो.

येथवरचे काम एखादा जाणता मुलगा तासाभरात करील. खरी कसोटी पुढे आहे. माणसाच्या अंगात अशी कोणती हालचाल आहे, जी तो स्वतःच्या इच्छेने, पुन्हा पुन्हा, न दमता करू शकतो? हात हीच जागा असे समजू नये. कित्येकांची मान उजवीकडे वळते, कोणाचा गुडघा बाहेर सरकतो, कोणाचा पायाचा अंगठा हलतो. आधी त्याला नीट टेकवून, पावलांना आधार देऊन बसवावे, कारण तोल सांभाळण्यात शक्ती गेली तर हालचालीला ती उरत नाही. मग बटण त्या जागी घट्ट बांधावे. बटण रोज निराळ्या जागी गेले तर शिकलेले रोज वाया जाते.

त्यानंतर वेग. चौकट किती वेळ थांबावी? एक उपयुक्त हिशेब असा आहे: हाक दिल्यापासून बटण दाबेपर्यंत माणसाला जो वेळ लागतो, त्याच्या सुमारे दीडपट. सव्वा सेकंद लागत असेल तर दोन सेकंद ठेवावे. ज्यांचे अंग आखडते किंवा थरथरते त्यांच्याकडून एका दाबाचे तीन दाब होतात. त्यासाठी लागोपाठचे दाब सोडून देण्याची आणि काही क्षण दाबून धरल्यावरच निवड मानण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते. पडदा लवकर विझू नये एवढेही पाहावे.

आता आपल्या जतची गोष्ट. हा तालुका सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला कर्नाटकास लागून आहे. येथे अनेक घरांत कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी चालते. टॅब बोलणार तो कोणाच्या भाषेत? आमचे म्हणणे असे, की आईला हाक मारायची ती घरच्या भाषेत आणि गुरुजींना उत्तर द्यायचे ते शाळेच्या भाषेत. गूगलच्या वाचनाच्या आवाजात मराठी व कन्नड दोन्ही आहेत, त्यामुळे हे अवघड नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप चित्र निवडताच बोलते, आणि तेही मराठीत. अक्षरे जुळवण्यास वेळ लागतो म्हणून पहिल्या पानावर नित्याची वाक्ये तयार असावीत: पाणी द्या, कूस बदला, दुखते आहे. या यादीत ‘नको’ हा शब्द अगदी आरंभी घालावा. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला काही किंमत राहत नाही.

वीज गेली, चार्जिंग संपले, तरी बोलणे थांबता कामा नये. म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरांत वर्णमालेचा तक्ता लावावा. आपण ओळी विचारीत जावे, त्याने पापणीने होकार द्यावा. टॅब येण्यापूर्वी आठवडाभर हाच सराव केला तर यंत्रावरचे शिकणे सोपे जाते.

दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य करतो. त्यांत सेरेब्रल पाल्सी आहे, स्नायूंचा क्षय आहे, पार्किन्सनही आहे. तेव्हा शाळेत टॅब व बटण घेऊन बसू द्या, असे म्हणणे ही याचना नव्हे. पण एक गोष्ट कोणताही कायदा आपल्याला देऊ शकत नाही, ती म्हणजे थांबण्याची सवय. बटणाने एक वाक्य निघण्यास दोन मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात ऐकणारा ‘कळले, कळले’ म्हणून स्वतःच ते पुरे करतो. असे वारंवार झाले की बटण दाबणारा दाबायचे सोडून देतो, आणि आपण म्हणतो, यंत्राचा काही उपयोग झाला नाही. म्हणून ज्या घरी असा माणूस असेल तेथे प्रश्न विचारावा, आणि मग गप्प बसून त्याच्या उत्तराची वाट पाहावी.