पिशव्यांची पिशवी

कोणत्याही सुस्थित घराच्या स्वयंपाकघरात दाराआड एक खुंटी असते आणि त्या खुंटीला एक फुगलेली पिशवी लोंबकळत असते. तीत धान्य नसते, भाजी नसते, पैसा तर नसतोच; तीत असतात दुसऱ्या पिशव्या. ईशावास्याच्या शांतिमंत्रातील गूढ ज्यांना उकलत नसेल, त्यांनी या पिशवीतून पाचपंचवीस पिशव्या काढून पाहाव्यात. मूळची पिशवी होती तशीच भरलेली राहते!

या संस्थानातही मानपान आहे. अग्रपूजेचा मान लग्नात मिळालेल्या पिशवीचा. तिच्यावर वधूवरांची नावे आणि विवाहाची तारीख सोनेरी अक्षरांत छापलेली असतात. त्या दांपत्याच्या थोरल्या चिरंजीवांची मुंज होऊन जाते, तरी ही बापडी आमची कोथिंबीर वाहतच असते. तिच्या खालोखाल सराफाची पिशवी. तीतून आलेला दागिना बँकेच्या तिजोरीत जन्मठेप भोगत असतो. पिशवी मात्र गिरणीपासून देवळापर्यंत मोकळी हिंडते. त्यानंतर जुन्या विजारीच्या पायाची, घरीच शिवलेली पिशवी. दिसायला ओबडधोबड खरी. पण दहा किलो गहू ती बिनतक्रार पेलते. विजारीच्या मूळ मालकाविषयी असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. सर्वांच्या तळाशी पातळ प्लास्टिकच्या पिशव्या, त्रिकोणी घडी घालून विड्यासारख्या दुमडून ठेवलेल्या.

या संग्रहाचे पुरुषवर्गाला मोठे वावडे. दिवाळीची आवराआवर निघाली की घरधनी सुधारकाच्या आवेशाने विचारतात, "अगं, एवढ्या पिशव्यांचे करायचे तरी काय?" उत्तर ठरलेले असते : "असू द्या हो, लागतात." 'लागतात' या एका क्रियापदावर आपल्या संसाराचा निम्मा डोलारा उभा आहे. कशाला लागतात, केव्हा लागतात, हे प्रश्न या व्याकरणात बसत नाहीत. आणि गंमत अशी, की हेच सुधारक संध्याकाळी कचेरीतून परतताना भाजीवालीपुढे रिकाम्या हातांनी उभे राहतात आणि म्हणतात, "एखादी पिशवी द्या की!"

या 'द्या की'ला मोठा इतिहास आहे. आज सर्वत्र दिसणारी बंदांची प्लास्टिक पिशवी स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्याने कल्पिली. १९६५ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. त्याच्या मुलाने सांगितल्याप्रमाणे, कागदी पिशव्यांसाठी होणारी वृक्षतोड टळावी हा त्याचा हेतू होता. लोक तीच पिशवी पुनःपुन्हा वापरतील असे तो धरून चालला होता, आणि स्वतः एक पिशवी घडी करून खिशात बाळगीत असे. थोडक्यात, आमच्या आजीच्या आणि त्याच्या विचारांत तिळमात्र अंतर नव्हते. अंतर पडले ते पुढच्या गिऱ्हाइकांमुळे. पिशवी इतकी स्वस्त झाली की घडी घालण्याचे श्रम तिच्याहून महाग वाटू लागले.

त्याची किंमत पुढे कळली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि तुंबलेल्या नाल्यांचा दोष देताना याच फुकटच्या पिशव्यांकडे बोट दाखविले गेले. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने त्यांच्यावर बंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू केली. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व शिवाय तीन महिन्यांचा कारावास. पाच रुपयांच्या कोथिंबिरीकरिता एवढे साहस कोण करणार? त्या आठवड्यात घरोघरच्या खुंटीचा भाव एकाएकी वधारला. जिला आजवर 'अडगळ' म्हणत, ती एका रात्रीत दूरदृष्टी ठरली. गृहिणी मात्र काही बोलल्या नाहीत. बोलण्याची गरजच नव्हती. त्यांनी विजारीच्या पायाची पिशवी मुकाट्याने यजमानांच्या हाती दिली.

परंतु येथेच एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. कायदा दंड करू शकतो, पण "अहो, पिशवी घेतलीत का?" असे उंबरठ्याशी विचारू शकत नाही. तो प्रश्न बहुतेक घरांत एकच बाई विचारते, आणि तोही फोडणी जळू न देता. पिशवी धुणे, वाळविणे, घडी घालणे आणि नेमक्या क्षणी आठवण करून देणे या कामांची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. ज्या दिवशी ती विचारायची विसरते, त्या दिवशी घरात पन्नास पिशव्या असून बाजारात एकही नसते, आणि ठपका येतो तोही तिच्यावरच!

म्हणून माझी सूचना माफक आहे. खुंटीवरची पिशवी तशीच राहू द्यावी. तिला हात लावण्याचे धाडस मीही करणार नाही. मात्र तीतली एक पिशवी प्रत्येक कर्त्या पुरुषाने स्वतःच्या हाताने घडी करून स्वतःच्या खिशात ठेवावी. स्वीडनमधल्या एका इंजिनिअरला हे जमत असे. त्याकरिता त्याला कोणी उंबरठ्यावरून हाक मारल्याचे ऐकिवात नाही.