पैसा कुणाचा, निर्णय कुणाचा?



आम्ही माझगावच्या सर एली कदूरी शाळेत मराठी अक्षरं गिरवली. ही शाळा आपल्याच हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ साली काढली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तिला लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननं मदत केली आणि पुढं कदूरींच्या देणगीमुळं तिला त्यांचं नाव मिळालं, हे मात्र आपण विसरतो. कदूरी मूळचे बगदादचे, धंदा हाँगकाँग-शांघायला. म्हणजे आमचं 'ग म भ न' परदेशी पैशाच्या आधारानंच झालं. तेव्हा 'परदेशी पैसा' म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. पण त्या पैशाबरोबर काय काय येतं, ते पाहायला हवं असं हल्ली वाटतं. त्याला कारण झालं.

कल्याणचे आमचे नातलग इथं येऊन गेले. गप्पांत त्यांनी तिथल्या मित्र क्लिनिकची हकीकत सांगितली. हा तृतीयपंथीयांसाठीचा दवाखाना. असा पहिला २०२१ साली हैदराबादला निघाला, मग कल्याण आणि पुण्याला. डॉक्टर, समुपदेशक, मदतनीस यांत तृतीयपंथी माणसंच बरीच. पैसा अमेरिकन सरकारच्या यूएसएडचा. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत थांबवली आणि महिना संपायच्या आत तिन्ही दवाखान्यांना कुलूप लागलं.

हे ऐकून आम्हाला रात्री झोप लागली नाही. त्यामागं एक जुनी गोष्ट आहे.

आम्ही मुंबईत शिकाऊ नर्स होतो तेव्हाची. रात्रपाळीला एक तृतीयपंथी पेशंट तापानं फणफणत आला. पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या, यावर वरिष्ठांची हुज्जत सुरू झाली. केसपेपरवर काय लिहायचं तेही ठरेना. पेशंट पॅसेजमध्ये स्ट्रेचरवरच. आम्ही ताप पाहिला, पाणी ठेवलं आणि पडदा ओढून घेतला. नावसुद्धा विचारलं नाही. सकाळी स्ट्रेचर रिकामं होतं. कुठं गेला, जगला की नाही, आजवर कळलेलं नाही. आपल्यासाठी वेगळा दवाखाना कुणी का मागतो, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

मग आम्ही वाचायला बसलो. नातवाला हाताशी घेतलं. अशा कामाला जगात पैसा येतो तरी कुठून?

एक म्हणजे सरकारं. त्यांचा पैसा मोठा, पण सरकार बदललं की नळ बंद. दुसरे खासगी न्यास, म्हणजे फोर्ड फाउंडेशनसारखे. आणि तिसरे स्त्रियांनी स्त्रियांसाठी उभारलेले निधी. ॲमस्टरडॅमचा मामा कॅश हा निधी १९८३ साली पाच जणींनी सुरू केला. त्यातल्या मार्यान साक्स यांच्याकडे वारशाचा पैसा होता, तो त्यांनी या कामी लावला. अमेरिकेत ग्लोबल फंड फॉर विमेन १९८७ चा. आपल्या लोकांची अमेरिकन ज्यूइश वर्ल्ड सर्व्हिस १९८५ ची. तिनं भारतातही स्त्रिया आणि मुलींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांना अनेक वर्षं पैसा दिला. १९७९ साली निघालेल्या न्यू इस्रायल फंडानं आपल्या इस्रायलमध्ये बलात्कारपीडित स्त्रियांच्या मदत केंद्रांना आधार दिला. तेव्हा हा व्यवहार फक्त गरीब देशांचा, असं समजू नका.

आता अटींचं. सांगलीची गोष्ट ऐका. तिथं १९९२ पासून संग्राम ही संस्था एड्स रोखण्याचं काम करते. मीना सेषू तिच्या प्रमुख. १९९६ साली तिथल्या धंदा करणाऱ्या बायकांनी स्वतःची संघटना काढली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. निरोध वाटणं, पोलिसांशी बोलणं, आजारी बाईला दवाखान्यात नेणं, सगळं त्याच करणार. पुढं मुस्कान नावानं तृतीयपंथी आणि पुरुषांचीही संघटना झाली.

अमेरिकेनं २००३ साली एड्ससाठी जगभर भरघोस पैसा द्यायचा कायदा केला. त्यात एक कलम होतं: पैसा घेणाऱ्या संस्थेनं आपण वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं लिहून द्यायचं. संग्रामपुढं पेच पडला. ज्या बायका खांद्याला खांदा लावून काम करतात, त्यांच्याच विरोधात सही कशी करायची? २००५ साली संग्रामनं यूएसएडचा पैसा नाकारला. पगार, औषधं, गाडीभाडं, सगळ्यांची ओढाताण होणार हे दिसत असून नाकारला. पुढं २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही सक्ती तिथल्या संस्थांपुरती रद्द केली. पण परदेशी संस्थांना ती सवलत नाही, असं २०२० साली त्याच न्यायालयानं सांगितलं.

देणाऱ्याच्या अटी, तशा घरच्या सरकारच्याही. भारतात परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ साली, आणीबाणीत आला. २०१० साली तो नव्यानं केला आणि २०२० साली आणखी आवळला. परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एकाच शाखेत घ्यायचा. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर. आणि एका संस्थेनं दुसरीला तो पैसा पुढं द्यायचा नाही. ही शेवटची अट लहान गटांना फार लागली. गावातल्या पाचसहा तृतीयपंथीयांच्या गटाला थेट परवाना कुठून मिळणार? पूर्वी मोठी संस्था घ्यायची आणि त्यांना वाटून द्यायची. ती वाट बंद झाली.

सरकारची बाजूही आम्ही समजतो. परक्याच्या पैशावर कुणी आपल्या देशात काय करतं, हे विचारायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. इस्रायलनंही २०१६ साली कायदा केला, की ज्या संस्थेचा निम्म्याहून अधिक पैसा परदेशी सरकारांकडून येतो तिनं तसं जाहीर करावं. त्यावरही इथं बराच वाद झाला. पण हिशोब मागणं वेगळं आणि हात बांधणं वेगळं.

काही न्यासांनी मात्र यातून धडा घेतला. मामा कॅशच्या छत्राखाली २०१२ साली रेड अम्ब्रेला फंड निघाला. पैसा कुठल्या गटाला द्यायचा, ते ठरवणाऱ्यांत धंदा करणारी माणसंच बहुसंख्य. इंटरनॅशनल ट्रान्स फंडाची पहिली अनुदानं २०१७ ची. तिथंही अर्ज वाचून निवड करायला तृतीयपंथीच बसतात. पैसा एखाद्या कार्यक्रमापुरता न देता संस्थेच्या रोजच्या खर्चाला द्यावा, असाही आग्रह वाढतो आहे. हक्कांसाठी भांडणाऱ्या संस्थेचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसं, भाडं आणि कोर्टाच्या खेपा. त्याचा फोटो काढता येत नाही.

फोटोवरून आमचीच लाज सांगतो. आमच्या महिला मंडळानं एकदा पुरीमला जमलेले पैसे स्त्रियांच्या एका आसरागृहाला द्यायचे ठरवले. आम्ही अट घातली, की तिथल्या बायकांसोबत फोटो हवा, मंडळाच्या भिंतीवर लावायला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "मारणाऱ्या नवऱ्यापासून लपलेल्या या बायका. त्यांचा चेहरा कसा दाखवू?" आम्ही मान खाली घातली. रकमेचा आकडा सांगायलाही लाज वाटावी, एवढीशी देणगी, आणि तेवढ्यावर आम्ही मालक झालो होतो.

रामबमनं त्सेदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. घेणारा आपल्या पायावर उभा राहील असं देणं ही सर्वांत वरची. देणारा आणि घेणारा एकमेकांना न ओळखता होतं ते दान तिच्या खालोखाल. आम्ही फोटोची अट घालून दोन्ही पायऱ्या चुकलो होतो.

आता मंडळात ठरलं आहे. त्याच आसरागृहाला तीन वर्षं सलग द्यायचं, म्हणजे त्यांना पुढचं भाडं आखता येईल. वर्षाकाठी हिशोबाचं एक पान मागायचं. खर्च कशावर करायचा, ते त्यांनी ठरवायचं. वाचकहो, तुमच्या गावी पेटी उघडाल तेव्हा एवढा विचार करून पाहा.

आणि कल्याणचं? हैदराबादचा दवाखाना त्याच वर्षी टाटा ट्रस्ट्सच्या मदतीनं सबरंग या नावानं पुन्हा उघडला. कल्याणचे कुणी वाचत असतील तर त्यांना विनंती. तिथं कुणी असा दवाखाना चालवत असेल तर मंडळाला कळवा. आम्हाला एका पेशंटचं नाव विचारायचं राहून गेलं आहे.