कंट्रोल-झेडमागचं काम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोड एडिटर किंवा स्क्रीन डिझाइन करायचं टूल तयार होत असताना अनडू-रीडूचा विषय बहुतेक टीममध्ये शेवटच्या टप्प्यात निघतो. ‘बाकी सगळं झालंय, आता तेवढं कंट्रोल-झेड टाका.’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. चुकलं तर मागे येता येईल, या भरवशावरच माणूस नवं काही करून बघत असतो. तो भरवसा एकदा उडाला की तो घडीघडी फाइलची वेगळी कॉपी ठेवू लागतो, आणि मग त्या टूलवर त्याचा जीव बसत नाही. म्हणून या कामाबद्दलचे काही रुजलेले गैरसमज आधी दूर व्हायला हवेत.

गैरसमज : प्रत्येक बदलाआधी पूर्ण फाइलची कॉपी ठेवली की झालं.

छोट्या फाइलला हे चालतं, आणि त्यात चूक व्हायची शक्यताही कमी असते. पण हिशेब करून बघा. दहा हजार ओळींची फाइल, ओळीला सरासरी 40 बाइट, म्हणजे 4 लाख बाइट. अशा हजार पायऱ्या ठेवल्या तर 40 कोटी बाइट, तेही कदाचित एकेक अक्षर बदलण्यापायी. म्हणून टेक्स्ट एडिटर सहसा फक्त बदल टिपतात : कुठे, काय काढलं, काय घातलं. झेरॉक्स पार्कमध्ये 1974 साली आलेल्या ब्राव्हो एडिटरची पद्धत तर फारच सुंदर होती. मूळ मजकुराला हात लावायचा नाही, नवा मजकूर वेगळ्या जागी शेवटी जोडत जायचा, आणि कोणता तुकडा कुठून उचलायचा याचा तक्ता ठेवायचा. या ‘पीस टेबल’मध्ये खोडलेला मजकूर नष्टच होत नाही. मागे जायचं तर फक्त तक्ता बदलायचा. व्हीएस कोडने 2018 मध्ये मजकूर साठवायची आपली रचना बदलली, तेव्हा याच पीस टेबलला ट्री-रचनेची जोड दिली.

गैरसमज : प्रत्येक क्रियेची उलटी क्रिया लिहिली की अनडू तयार.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 1994 च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकामुळे कमांड पॅटर्न सगळ्यांना माहीत झाला. प्रत्येक क्रिया म्हणजे एक ऑब्जेक्ट, त्याला ‘कर’ आणि ‘परत फिरव’ अशा दोन मेथड. केलेल्या कमांड एका स्टॅकवर, परत फिरवलेल्या दुसऱ्यावर. कल्पना उत्तमच आहे. पण फॉर्म डिझायनरमध्ये पाच बटणं निवडून ती डाव्या कडेला एका रेषेत आणली, तर याची उलटी क्रिया कोणती? तशी क्रियाच नाही. पाचही बटणांच्या जुन्या जागा आधी टिपलेल्या असतील तरच ती परत जातील.

बटण डिलीट करणं त्याहून सोपं वाटतं, कारण उलट बाजूला ‘बटण घाला’ आहेच. पण परत आलेलं बटण तेच असायला हवं : तेच नाव, त्याच पॅनेलच्या आत, थरांमध्ये त्याच क्रमावर, टॅबच्या क्रमात त्याच जागी, आणि क्लिकला जोडलेलं फंक्शन जोडलेलंच. एवढं सगळं सांभाळूनही एक दोष लपून राहतो. समजा, आधी त्या बटणाचा रंग बदलला होता आणि नंतर ते डिलीट केलं. पहिल्या कंट्रोल-झेडला टूलने बटण नव्याने तयार केलं. आता स्टॅकवर खाली असलेली रंगाची कमांड अजून जुन्या, गेलेल्या ऑब्जेक्टलाच धरून बसलेली असते. दुसऱ्यांदा कंट्रोल-झेड दाबलं की काहीच होत नाही, किंवा टूल क्रॅश होतं. उपाय दोन. कमांडमध्ये थेट ऑब्जेक्ट न धरता त्याचा कायमचा आयडी ठेवायचा, नाहीतर डिलीट केलेलं बटण नष्ट न करता कमांडच्याच ताब्यात ठेवायचं. एकाच पायरीचं अनडू असेल तर हा दोष कधी दिसतच नाही, म्हणून ‘आधी एक पायरी करू, मग वाढवू’ हा बेत फसतो.

गैरसमज : एक की दाबली म्हणजे एक पायरी.

मराठी टाइप करणाऱ्याला यातली अडचण लगेच कळेल. ‘क्षि’ हे डोळ्याला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशी चार चिन्हं. एडिटरने चिन्हागणिक मागे नेलं तर मधेच लोंबकळलेला ‘क्’ दिसेल. स्लायडर ओढताना तर क्षणात शेकडो किमती बदलतात, पण माणसाच्या मनात ती एकच क्रिया असते. म्हणून क्यूटी फ्रेमवर्कमध्ये लागोपाठच्या कमांड एकमेकींत मिसळायची सोय आहे. डॉटनेटच्या फॉर्म डिझायनरमध्ये पाच बटणं हलवणं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता येतं. पायरी कुठे तोडायची, कर्सर हलल्यावर, नवी ओळ सुरू झाल्यावर की टायपिंग थांबल्यावर, हे टीमने स्वतः वापरून ठरवावं.

गैरसमज : मागे जाऊन नवं टाइप केलं की रीडूतलं सगळं जाणारच.

दोन स्टॅकच्या पद्धतीत ते जातं, पण तसा काही नियम नाही. ईमॅक्समध्ये अनडू हाही एक बदल म्हणूनच नोंदला जातो, त्यामुळे तेही अनडू करता येतं. नवख्याला हे गोंधळात टाकतं. तिथे सरळ रीडूची वेगळी कमांड 2022 मधल्या 28 व्या आवृत्तीत आली. जुन्या व्हीआय एडिटरमध्ये एकच पायरी होती, दुसऱ्यांदा ‘यू’ दाबलं की आधीचं अनडूच रद्द व्हायचं. व्हिमच्या 2006 मधल्या 7 व्या आवृत्तीने मात्र इतिहासाला फांद्या फुटू दिल्या. सोडून दिलेली फांदीही शिल्लक राहते, आणि ‘दहा मिनिटांपूर्वीचा मजकूर दाखव’ असंही सांगता येतं. बाकीच्या टूलना सरळ रेषेतला इतिहास पुरतो. कोड एडिटरमध्ये मात्र आत फांद्या असाव्यात असं माझं ठाम मत आहे, कारण टाकून दिलेला कोड तासाभराने हवासा वाटतो.

गैरसमज : सेव्ह केलं की इतिहास पुसायचा.

गरज नाही. स्टॅकवर सेव्हच्या जागी खूण ठेवायची. मागेपुढे करत त्या खुणेवर आलो की ‘बदल सेव्ह नाहीत’ दाखवणारा ठिपका गेला पाहिजे. आणि खुणेच्या मागे जाऊन नवं टाइप केलं, तर ती खूण आता गाठताच येणार नाही, हेही टूलला कळायला हवं.

गैरसमज : अनडू शेवटी जोडता येतं.

डेटा बदलायचा एकच रस्ता असेल तरच. कोड आपोआप नीटनेटका करणाऱ्या प्लगइनने स्टॅकला न सांगता चार स्पेस काढल्या, तर त्यापुढच्या नोंदवलेल्या सगळ्या जागा चार घरं सरकतात. पुढच्या अनडूला मजकूर भलत्याच ठिकाणी घुसतो आणि फाइल बिघडते. एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रोने शीट बदललं की अनडूची यादी रिकामी होते. वापरणाऱ्याला ते जाचक वाटतं, पण चुकीचं अनडू करण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

सगळे बदल खरोखर एकाच रस्त्याने जातात का, हे तपासायची खात्रीची चाचणी आहे. यादृच्छिक क्रमाने शेकडो क्रिया करायच्या, मग सगळ्या अनडू करून डॉक्युमेंट सुरुवातीच्या स्थितीशी बाइट-बाइट ताडून बघायचं. नंतर सगळ्या रीडू करून शेवटच्या स्थितीशी. जुळलं नाही तर क्रियांची यादी निम्मी-निम्मी करत न्यायची, म्हणजे दोषी कमांड हाती लागते.